शिवराईचे तांबे

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगड चढून आला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तयारी चालू होती, नजराणे त्यानेही आणले होते. पण त्याचे खरे काम तहाचे होते. वीस कलमांचा मसुदा त्याच्याजवळ होता. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी घालायला परवानगी, जकातीचा दर या कलमांवर फारशी खळखळ झाली नाही. दोन कलमे मात्र अडली. पहिले किनाऱ्याला लागणाऱ्या फुटक्या जहाजांचे. किनाऱ्याचा जुना रिवाज मोडता येत नाही, असे सांगून ते बाजूला ठेवले गेले. दुसरे नाण्याचे. मुंबईत इंग्रजांनी दोनच वर्षांपूर्वी टांकसाळ काढली होती आणि तिथले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे अशी त्यांची मागणी होती.

त्यावर मिळालेले उत्तर इंग्रजांनी आपल्या दप्तरात नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा: कोणाचेही नाणे चालू नये असा आमचा हुकूम नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे तिच्या गळ्यात मारणेही आम्हाला शक्य नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके शुद्ध आणि वजनाला पुरे भरत असेल, तर आमची मनाई नाही.

छाप राजाची असली तरी किंमत बाजार ठरवतो, ही गोष्ट राज्याभिषेकाच्या तोंडावर एका राजाने उघड मान्य केली. ६ जूनला राज्याभिषेक झाला, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नवी नाणी निघाली. त्यांतल्या शिवराईला पुढे हाच न्याय लागू झाला. ज्या राज्याने ती पाडली ते राज्य बुडाल्यावरही ती साताऱ्या-सांगलीच्या बाजारात चालत राहिली, कारण तिच्या अंगात तांबे होते. आणि ती बाजारातून गेली, त्यालाही तांब्याचा भावच कारण झाला.

हे तांबे या मुलखातले नव्हते. सातारा-सांगलीची जमीन काळ्या पाषाणाची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्री, महाबळेश्वर-पाचगणीचे सडे आणि माणदेशाचे माळ तयार झाले. या खडकात गारगोट्या सापडतात, डोंगरमाथ्यावर जांभा आणि काही ठिकाणी बॉक्साइट मिळते. खाण घालावी एवढे तांबे मिळत नाही. देशात तांब्याच्या मोठ्या खाणी आहेत त्या राजस्थानात खेतडीला, मध्य प्रदेशात मलाजखंडला आणि झारखंडच्या सिंगभूम पट्ट्यात.  कृष्णाकाठच्या वाट्याला असले काही आले नाही. इथे जे तांबे आले ते बाहेरून आले आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समुद्रावरून.

हा क्रम फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वाटाड्या-पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे. त्याच व्यापारातून आलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती १९४० च्या दशकात कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. पुढे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८८०, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, गगनशिव नावाच्या शैव तपस्व्याला गाव दान दिले. त्या दानाचा ताम्रपट कऱ्हाडला मिळाला. दान जमिनीचे, जमीन इथली, पण दान टिकावे म्हणून ज्या पत्र्यावर कोरले तो पत्रा ज्या धातूचा, तो इथल्या मातीतला नव्हता. टिकाऊ म्हणून तांबे निवडले जाई, आणि दुर्मीळ म्हणून ते वितळवलेही जाई.

शिवकाळात पश्चिम किनाऱ्यावर तांबे आणणाऱ्यांत डच आघाडीवर होते. जपानने इतर युरोपियांना बंदी घातली होती. नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्या बेटावर १६४१ पासून एकट्या डचांना व्यापाराची परवानगी होती. तिथून ते लाखेसारख्या लाल तांब्याच्या कांड्या पेट्यांत भरून आशियाभर विकत. सुरतेत आणि कारोमांडल किनाऱ्यावर त्याला मोठी मागणी होती. वेंगुर्ल्यालाही १६३७ पासून डचांची वखार होती आणि तिथला माल घाट चढून विजापूरकडे जाई. कोकणातल्या बंदरांत उतरलेला जड माल कुंभार्ली, आंबा, अणस्कुरा अशा घाटांनी बैलांच्या पाठीवर वर येई. कुंभार्लीच्या वाटेवर पाटण आणि कऱ्हाड, पुढे कृष्णेच्या काठाने सांगली-मिरज. मिठाच्या आणि नारळाच्या गोण्यांबरोबर तांबेही असे घाट ओलांडत आले.

देशावर आलेल्या तांब्याला गिऱ्हाइके तीन. पहिला तांबट. घागर, हंडा, बंब, पळी-पंचपात्र हे त्याच्या ऐरणीवर घडे. दुसरे गिऱ्हाईक तोफखाना. ओतीव तोफ तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, त्यामुळे लढाईच्या दिवसांत तांब्याची ओढ वाढे. लढाईतून धातू यायचाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर त्यांतली एक आजही टांगलेली आहे. तिसरे गिऱ्हाईक टांकसाळ.

टांकसाळ म्हटले की दगडी इमारत, पहारा आणि सरकारी कारकून डोळ्यांपुढे येतात. शिवराईची टांकसाळ बहुधा एवढी मोठी नसे. तांब्याची कांब तापवून ठोकायची, तिचे वजनाने सारखे तुकडे पाडायचे, तुकडा पुन्हा तापवून दोन ठशांमध्ये धरायचा आणि वरून घण घालायचा. ठसा मोठा आणि तुकडा लहान, म्हणून एका नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे, पण त्यांच्या लिखाणात एकवाक्यता नाही. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. ‘छत्रपति’च्या वेलांटीचा घोळ तर विचारायला नको. कुठे चंद्र, कुठे बेलपान, कुठे नुसते ठिपके. ही अक्षरे कोरणारे सोनार-लोहार निरनिराळ्या गावांचे होते आणि प्रत्येकाची देवनागरी आपापली होती.

महाराजांच्या पश्चात हे नाणे बंद पडले नाही, उलट खूप वाढले. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, सातारा राजधानी झाली. कारभार हळूहळू पेशव्यांकडे आणि पुण्याकडे गेला. नंतरच्या छत्रपतींच्या नावाचीही काही नाणी निघाली, पण लोकांच्या सवयीचे नाव शिवराजाचे. त्यामुळे अठराव्या शतकभर ठिकठिकाणच्या टांकसाळी ‘श्री राजा शिव’ असाच ठसा उठवत राहिल्या. आज संग्राहकाच्या हाती पडणाऱ्या शिवरायांपैकी बहुसंख्य नाणी शिवकाळाच्या नंतरची आहेत ती यामुळे.

पेशव्यांच्या कारभारात टांकसाळ हा मक्त्याचा धंदा होता. १७४४ मध्ये नागोठण्याच्या बाळाजी बापूजी नावाच्या माणसाला तांब्याचे पैसे पाडायची परवानगी मिळाली आणि पैसा दहा मासे वजनाचा असावा, अशी अट घालण्यात आली. दहा मासे म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅम. मक्तेदाराने तांबे स्वतः विकत घ्यायचे, कारागीर स्वतः लावायचे, सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि नाणे बाजारात सोडायचे. त्याचा नफा एकाच फरकात होता: तांब्याचा भाव आणि मजुरी धरून नाण्याला पडलेला खर्च, आणि बाजारात त्या नाण्याला मिळणारी किंमत. बंदरात तांबे महागले की मक्तेदाराचे पोट मारले जाई. मग तो दोनपैकी एक करी: टांकसाळ थंड ठेवी, नाहीतर पैशाचे वजन चोरी. शिवकाळात अकरा ते तेरा ग्रॅम भरणारी शिवराई पेशवाईच्या अखेरीस साडेआठ-नऊ ग्रॅमवर आली. ही घसरण कोणा एका राजाच्या आज्ञेने झाली नाही. तिच्यात शंभर वर्षांच्या तांब्याच्या बाजाराचे प्रतिबिंब आहे.

तो बाजार त्या शंभर वर्षांत खरोखर बदलला होता. जपानला आपले तांबे संपत चालल्याची धास्ती पडली आणि १७१५ मध्ये त्याने डचांना वर्षाला दोनच जहाजे आणण्याची मर्यादा घातली. ती जागा हळूहळू ब्रिटनने भरून काढली. कॉर्नवॉलच्या खाणींतले खनिज वेल्समधल्या स्वान्सीला जाई, कारण तिथे कोळसा होता. १७६८ मध्ये वेल्सच्याच अँगलसी बेटावर पॅरिस नावाच्या डोंगरात प्रचंड साठा सापडला. थॉमस विल्यम्स नावाच्या वकिलाने तो ताब्यात घेतला आणि काही वर्षे साऱ्या तांब्याच्या भावावर हुकमत गाजवली. एवढे तांबे खपवायचे कुठे, हा कॉर्नवॉलच्या खाणमालकांपुढचा प्रश्न होता आणि उत्तर ईस्ट इंडिया कंपनीने दिले. शतकाच्या अखेरीस कंपनी दरवर्षी हजार टनांहून अधिक इंग्रजी तांबे पूर्वेकडे धाडत होती. त्यांतले मुंबईत उतरलेले तांबे घाट चढून सातारच्या तांबटाच्या दुकानी पोचे. ज्या तांब्यातून शिवाजी महाराजांचे नाव उठे, ते स्वान्सीच्या भट्टीतून निघालेले असू शके.

त्याच तांब्यातून शिवराईचा प्रतिस्पर्धीही निघाला. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायची टांकसाळ उभी केली. १७९१ मध्ये तिने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून पाठवले. गोल गरगरीत, कडा सारख्या, अक्षर न् अक्षर पुरे, शेकड्यातले प्रत्येक नाणे दुसऱ्यासारखे. घण मारून पाडलेल्या शिवराईशेजारी ठेवल्यावर हा पैसा फारच देखणा दिसला असणार. पण घाटमाथ्यावरच्या बाजाराला देखणेपणाचे विशेष नव्हते. आठवड्याच्या बाजारात मीठ, तेल, मिरची घेणाऱ्या बाईला आणि ते विकणाऱ्या वाण्याला शिवराईचे वजन हातात बसलेले होते.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. फेब्रुवारीत सातारा इंग्रजांच्या हाती पडला, आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह त्यांच्या छावणीत आले आणि १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य त्यांच्याकडे सोपवण्यात आले. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ. त्याच वर्षी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनीही कंपनीशी करार केला. इंग्रजांच्या हाती आला तो नाण्यांचा बाजारच होता. रुपयांत चांदवडी, अंकुशी, कंपनीचा सुरती. पैशांत शिवराई, तिचा अधेला, दुप्पट वजनाचा ढब्बू. आणि त्या साऱ्यांचा भाव सराफाच्या तोंडी. सारा चांदीत भरायचा आणि मजुरी तांब्यात मिळायची, अशी रयतेची स्थिती. हप्त्याच्या दिवसांत चांदीला मागणी वाढली की रुपयाला जास्त शिवराया मोजाव्या लागत. तो बट्टा सराफाच्या गल्ल्यात जाई. पेशवाईच्या शेवटी आणि कंपनीच्या पहिल्या वर्षांत पाडलेल्या शिवराईवर अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा आहेत; संग्राहक तिला दुदांडी म्हणतात. नवे राज्यकर्तेही जुन्या ठशाला लगेच हात लावायला धजले नाहीत.

हात लावला तो १८३५ मध्ये, कायद्याने. सबंध मुलखात कंपनीचा एकच रुपया, आणि तांब्यात पाव आणा, अर्धा आणा आणि पै. पाव आण्याचे, म्हणजे पैशाचे, वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. रुपयाला पैसे चौसष्ट, हा दर सरकारी. यातला डाव वजनकाट्यावर कळतो. कंपनीच्या चौसष्ट पैशांत तांबे सुमारे ४१५ ग्रॅम. नऊ ग्रॅमच्या चौसष्ट शिवरायांत सुमारे ५७५ ग्रॅम. एका रुपयामागे दीडशे ग्रॅमहून अधिक फरक. कंपनीच्या पैशाची किंमत त्याच्या तांब्यापेक्षा बरीच जास्त होती आणि ती टिकली होती खजिन्याच्या हमीवर: चौसष्ट आणा, रुपया न्या. शिवराईला अशी हमी देणारे कोणी उरले नव्हते. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले गेले, १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. आता शिवराईच्या पाठीशी राजा नव्हता, खजिना नव्हता, कायदाही नव्हता.

तरी ती चालली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतही चालली. जस्टिन अ‍ॅबट नावाचे अमेरिकन मिशनरी, जे पुढे मराठी संतांच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरे करणार होते, त्या काळी बाजारातून शिवराया मिळवून तपासत होते. सुमारे २५,००० नाणी त्यांनी डोळ्यांखालून घातली, अक्षरांचे आणि चिन्हांचे शेकडोंनी भेद टिपले आणि १९०० च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. राज्य बुडून दोन पिढ्या गेल्यावर एका परक्या माणसाला एका नाण्याचे एवढे नमुने बाजारातून मिळावेत, यावरून त्याचा पसारा केवढा असेल ते कळते.

या टिकण्यामागे अभिमान होता का? असेलही. पण बाजार अभिमानावर उधार देत नाही. शिवराई चालली कारण ती कधीही तांब्याच्या भावाने विकता येत होती. अडलाच प्रसंग तर तांबट ती वजनावर घ्यायला तयार होता. कंपनीचा पैसा खजिन्यावरच्या विश्वासावर चाले, शिवराई तागडीवरच्या विश्वासावर.

तिचा शेवटही तिथेच होता. १८८७ मध्ये पॅरिसच्या सेक्रेतां नावाच्या उद्योजकाने फ्रेंच बँकांच्या पैशावर जगभरचे तांबे विकत घेऊन दाबून ठेवायचा डाव मांडला. लंडनमध्ये टनाला चाळीस पौंडांच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत दुपटीवर गेला. भाव चढताच जगभर जुने तांबे, भांडी, मोडीत निघालेली यंत्रे भट्ट्यांकडे धावली. सेक्रेतांने हिशेबात न धरलेला हा पुरवठाच त्याला बुडवून गेला. मार्च १८८९ मध्ये डाव कोसळला, एक नामांकित बँक खाली बसली आणि तिच्या प्रमुखाने आत्महत्या केली. तांब्याला भाव येतो तेव्हा जुन्या तांब्याचे काय होते, त्याचा हा मोठ्या प्रमाणावरचा धडा. लहान प्रमाणावर तोच हिशेब कऱ्हाड-मिरजेच्या तांबट आळीतही होता. वाण्याकडे शिवराईचा जो भाव, त्याहून तांब्याचा भाव वर गेला की ती मुशीत. खाली आला की पुन्हा गल्ल्यात. फरक एवढाच, की मुशीत गेलेली परत येत नाही आणि नवी पाडणारे कोणी नव्हते. प्रत्येक तेजीने साठा कमी केला. दरम्यान मुंबईतून यंत्रावर लाटलेले विलायती पत्रे स्वस्तात येऊ लागले, रेल्वे आली, सरकारी पैसा खेड्यापर्यंत मुबलक झाला. विसावे शतक उजाडल्यावर शिवराई व्यवहारातून सरत गेली आणि देव्हाऱ्यात, पेटीत, लंगोटीच्या गाठीत उरली.

तिला हरवणाऱ्या सरकारी पैशालाही तांबे झेपेना. १९०६ पासून पाव आणा शुद्ध तांब्याऐवजी ब्राँझचा झाला आणि वजन १०० ग्रेनवरून ७५ वर उतरले. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या कवचांना आणि तारांना तांबे लागू लागले. १९४३ मध्ये मधोमध भोक पाडून धातू वाचवलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा निघाला. तेव्हा साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते आणि गावोगावच्या लोकांच्या हातात हा भोकाचा पैसा होता. १६७४ च्या अकरा-तेरा ग्रॅमपासून दोन ग्रॅमपर्यंतच्या या उतरणीत सत्ता बदलत गेल्या. धातू कमी करण्याची गरज प्रत्येक नव्या सत्तेला पडली. फक्त कंपनीजवळ आणि तिच्या मागून आलेल्या सरकारजवळ ती कमी पुरी करण्याइतकी पत होती.

धातूच्या पारखीचे हे शिक्षण या मुलखात वाया गेले नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव हे तालुके अवर्षणाचे. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्याच्या नावाने वेगळा होईपर्यंत यांतले बरेचसे साताऱ्यातच होते. शेतीवर भागत नाही म्हणून इथली कुटुंबे गलाईच्या धंद्यात शिरली आणि केरळ, तमिळनाडूपासून पंजाब, बिहार, बंगालपर्यंतच्या सराफ पेठांत जाऊन बसली. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली माती, घासकामाचा कचरा यांतून सोने-चांदी वेगळे काढणे हा त्यांचा व्यवसाय. या कामात तांब्याला नवी जागा मिळाली. अशुद्ध चांदी तेजाबात विरघळवतात आणि त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबे विरघळते आणि चांदी भुकटीच्या रूपाने तळाशी बसते. नाणे म्हणून ज्याची सद्दी संपली, ते तांबे इथे चांदी सोडवण्याचे हत्यार झाले.

गलाईवाल्यांनाही दिल्लीच्या कायद्याशी झगडावे लागले. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले, नवे दागिने चौदा कॅरेटांहून अधिक शुद्ध करायला मनाई झाली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडले. मधल्या काळात सोन्याचा व्यवहार थांबला नाही, तो आडवाटेने चालला. शुद्धता किती असावी हे सरकारने ठरवले, आणि लोकांनी नेहमीप्रमाणे आपले ठरवले. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. यंत्र आता काही क्षणांत दागिन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, सांगते, मोठे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि हाताने मूस चढवणाऱ्याचे काम कमी होत आहे.

पण दागिना मोडायला येतो तेव्हा त्यावर कोणाचा शिक्का आहे यावर गलाईवाला आजही पैसे मोजत नाही. तो सोने वितळवतो, टंच काढतो आणि जेवढे निघेल तेवढ्याचा भाव देतो. रायगडावर इंग्रजांच्या वकिलाला मिळालेल्या उत्तरात आणि या रिवाजात अंतर साडेतीनशे वर्षांचे आहे, तत्त्वाचे नाही. रायगडाने तांब्याची खाण नसताना नाणे काढले, खाणीशिवाय हे तालुके धातूवर जगले, ते याच तत्त्वाच्या आधारावर.